भिंतीतलं पाणी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये लोक चहाच्या आधी मोबाइलवर पाणीपातळी बघतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत, गगनबावड्याला रात्रीत किती पडला, यावरून माळ्यावर सामान चढवायचं की नाही ते ठरतं. नदीच्या बाबतीत इतकं सावध असलेलं आमचं गाव, पाणी ओसरलं की मोजणं थांबवतं. गाळ काढला, फरशी धुतली, पंचनामा झाला, की पूर संपला असं सगळे धरून चालतात. भिंतीत शिरलेलं पाणी तिथंच असतं. ते कुठल्या फूटपट्टीवर दिसत नाही, म्हणून त्याची चौकशीही कुणी करत नाही.

माझ्या आक्काचं घर शुक्रवार पेठेत आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीत आणि चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, मागं नंतर वाढवलेली स्लॅबची खोली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५० फुटांच्या कितीतरी वर गेली, तेव्हा दोन्ही वेळा या घरात पाणी आलं. दोन्ही वेळा पाणी गेल्यावर घरानं तेच केलं जे शेजारच्या प्रत्येक घरानं केलं. ब्लीचिंग पावडर टाकून धुतलं, पंखे लावले, आणि दिवाळीच्या आधी सिमेंटचा गिलावा, पुट्टी, प्रायमर आणि चकचकीत प्लास्टिक पेंट असा पूर्ण थर चढवला. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आले. मग पोपडे. मग कपाटामागं काळे-हिरवे ठिपके, आणि दार उघडल्याबरोबर नाकात शिरणारा कुबट वास. धाकट्या भाच्याचा खोकला जून ते नोव्हेंबर कधी थांबलाच नाही. मावशीकडं इचलकरंजीला गेला की चार दिवसांत बरा व्हायचा, घरी आला की पुन्हा सुरू.

२०२१ चं साल आठवा. मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसनं सगळ्यांना हादरवलं होतं, टीव्हीवर दिवसभर 'काळी बुरशी' चालू होतं, आणि लगेच जुलैत पूर. भिंतीवर काळं दिसलं की घरातली माणसं घाबरून जायची. खरं तर त्या आजाराचा आणि भिंतीवरच्या काळ्या डागाचा संबंध नव्हता. म्युकर वर्गातली बुरशी जिवावर उठली ती मुख्यतः ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइडचा मारा यांनी खिळखिळ्या झालेल्या शरीरात. भिंतीवरची बुरशी बहुतेकदा वेगळीच असते, आणि तिच्या रंगावरून ती किती धोक्याची हेही कळत नाही. पण नुसत्या भीतीपोटी लोकांनी ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करून भिंती घासल्याचं मी स्वतः पाहिलंय. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो बुरशीपेक्षा कितीतरी लवकर घात करतो. हे प्रत्येक पूरग्रस्त गल्लीत भिंतीवर लिहून लावलं पाहिजे असं मला आजही वाटतं.

घराच्या हवेची तपासणी करून देणारी माणसं आता आपल्याकडंही मिळू लागली आहेत. आक्काकडं सुरुवातीला आलेल्या एका मंडळींनी 'मोफत तपासणी' केली. हातातलं छोटं यंत्र स्वयंपाकघरात धरलं, आकडा लाल झाला, आणि लगेच बुरशीनाशक कोटिंगचं कोटेशन पुढं आलं. आत नुकतीच फोडणी टाकली होती, देवघरात उदबत्ती चालू होती. असल्या यंत्रातला सेन्सर हवेतल्या सगळ्या बाष्पशील रसायनांना मिळून एक आकडा दाखवतो. फिनेल, अत्तर, तेलाचा धूर, सगळं त्यात येतं. बुरशी आहे की नाही हे तो सांगूच शकत नाही. त्यांनी एकदाही कपाट हलवून मागं पाहिलं नाही. कोटिंग झालं, पैसे गेले, पुढच्या श्रावणात डाग परत.

तपासणारा आणि दुरुस्ती विकणारा हे एकच असता कामा नयेत, हे मला तेव्हापासून फार ठामपणे वाटतं. अमेरिकेत टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत बुरशी तपासणाऱ्याला परवाना लागतो, आणि टेक्सासमध्ये एकाच घराचं मूल्यमापन आणि सफाई ही दोन्ही कामं एकाच परवानाधारकानं करायला कायद्यानं मनाई आहे. आपण निदान एवढं तरी विचारू शकतो: तुम्ही फक्त तपासता, की पुढचं कामही तुमचंच?

मग ओळखीतून पुण्याचा एक माणूस मिळाला, फक्त तपासणी करणारा. आक्काला आधी ते पटलं नव्हतं. "काय रे, भिंत बघायला पुण्यासनं माणूस आणतोस? गवंडी काय मेलेत व्हय?" असं ती म्हणाली. पण तो आला आणि पहिला अर्धा-पाऊण तास त्यानं बॅगच उघडली नाही. फक्त विचारत राहिला. पाणी कुठपर्यंत आलं होतं, किती दिवस थांबलं, रंग कधी काढला, कपडे कुठं वाळत घालता, भाच्याला खोकला कुठल्या खोलीत जास्त येतो, रात्री की पहाटे. आणि एक प्रश्न, जो मला फार आवडला: "ताई, चपला कुठं ठेवता?"

आक्का हसली. दाजींच्या कोल्हापुरी चपला पावसाळ्यात जिन्याखालच्या फळीवर असतात, आणि दर वर्षी घरात सगळ्यात आधी बुरा येतो तो त्यांच्यावर. त्याचं कारण त्या माणसानं सांगितलं. या चपलांचं चामडं झाडांच्या साली आणि हिरड्यासारख्या फळांच्या अर्कात कमावलेलं असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की अशा चामड्यावर बुरशी उगवते. म्हणजे चपला पांढऱ्या झाल्या की जिन्याखालची हवा त्या पातळीवर पोचली, हे यंत्राशिवाय कळतं. आमच्या गावात चपला नाहीत असं घर सापडायचं नाही, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर तो घराबाहेर गेला. आत बुरशी, आणि हा बाहेर गटार बघतोय, याचं दाजींना नवल वाटत होतं. पन्हळ एका जागी तुटलेली, तिथून पाणी थेट भिंतीवर. ते सोपं होतं. पण त्यानं रस्त्यावर उभं राहून जोत्याकडं बोट दाखवलं तेव्हा आम्ही गप्प झालो. आक्का लग्न होऊन या घरात आली तेव्हा रस्त्यावरून घरात यायला तीन पायऱ्या होत्या. आता एक उरली आहे. दर वेळी जुन्या डांबरावर नवं डांबर पडलं, रस्ता वर आला आणि घर जागच्या जागी राहिलं. रस्त्याचं पाणी आता जोत्याच्या दगडांना नाही, त्याच्या वरच्या मातीच्या बांधकामाला लागतं. तिथून ते बारीक छिद्रांतून आपोआप वर चढतं, साधारण कमरेच्या उंचीपर्यंत. पूर न आलेल्या वर्षीही भिंत खालून ओली का, या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर होतं. पेठांतल्या किती जुन्या घरांची ही गत असेल याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

आत आल्यावर यंत्रं निघाली. दोन सुया असलेलं ओलावा मोजायचं मीटर भिंतीत टोचून वाचन घेतलं. त्यातही त्यानं आधीच सांगून ठेवलं की भिंतीला लोणा लागलेला असेल तर क्षारांमुळं हे मीटर खरं आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवतं, म्हणून एका आकड्यावर जायचं नाही. त्याच भिंतीच्या वरच्या कोरड्या भागाशी खालचा भाग ताडून बघायचा. लोणा आणि बुरशी यांत लोक गोंधळतात. पांढरा लोणा बोटांत चुरला की करकरतो आणि पाणी लावलं की विरघळतो. बुरशी तशी विरघळत नाही. मग उष्णता दाखवणारा कॅमेरा. त्याला बुरशी दिसत नाही, तापमान दिसतं. जिथून ओल वाफ होऊन उडते तिथं भिंत गार असते, आणि पडद्यावर तो भाग निळा-जांभळा उमटतो. मागच्या स्लॅबच्या खोलीत, जिथं डोळ्यांना एक डाग दिसत नव्हता, तिथं पलंगाच्या डोक्याशी एक उभा निळा पट्टा आला. भिंतीपलीकडं न्हाणीघर. आतून गेलेल्या पाइपचा सांधा गळत होता, आणि भाचा बरोबर त्या भिंतीला डोकं लावून झोपायचा.

हवेचा नमुना त्यानं त्या एकाच खोलीत घेतला, आणि एक बाहेर अंगणात. छोटा पंप, त्याच्या तोंडाला चिकट काच असलेली डबी. मिनिटाला १५ लिटर या वेगानं पाच मिनिटं हवा ओढली, म्हणजे ७५ लिटर. त्या काचेवर जे चिकटलं ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. बीजाणू म्हणजे बुरशीची हवेतून पसरणारी बी. ते अगदी बारीक असतात, पुष्कळसे दोन ते दहा मायक्रॉनांच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) घरातले. मी त्याला म्हटलं, पुढच्या खोलीत तर भिंतच काळी झालीय, तिथला नमुना का नाही घेत? तो म्हणाला, "जिथं दिसतेय तिथं मोजून काय करणार? आहे हे माहीतच आहे. ते पैसे पन्हळीला लावा."

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था जवळजवळ हेच सांगते: बुरशी उघड दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची गरज नाही. त्या देशात हवेतल्या बीजाणूंची केंद्रीय पातळीवर ठरलेली मर्यादाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही अमुक इतके बीजाणू चालतील असा आकडा दिलेला नाही. ओल आणि बुरशी होऊच द्यायची नाही, झालीच तर काढायची, एवढंच त्यात ठासून सांगितलंय. म्हणून बाहेरचा नमुना लागतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाहेरच्या हवेतच ढिगानं बीजाणू असतात, विशेषतः क्लॅडोस्पोरियम या बुरशीचे. आतल्या आकड्याला अर्थ येतो तो बाहेरच्याशी ताडल्यावर. आमच्या अहवालात बाहेर क्लॅडोस्पोरियम जास्त होतं आणि आत ॲस्परजिलस-पेनिसिलियम गट. या दोन बुरशींचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की ते एकत्रच मोजतात. बाहेर नगण्य आणि आत भरपूर, म्हणजे ते घरातच उगवतंय. तरी हा एका वेळचा नमुना. पंखा लावला, झाडू फिरला, तर आकडा बदलतो. ओल्या कागदावर आणि प्लायवर वाढणारी स्टॅकिबॉट्रिस ही बुरशी तर चिकट असते, सहज हवेत उडत नाही, म्हणून भिंतीवर असूनही हवेच्या नमुन्यात येत नाही असं होतं. 'रिपोर्ट क्लिअर आला' म्हणून निर्धास्त होणाऱ्यांना हे सांगायला हवं.

या सगळ्या वाचनात एक नाव माझ्या मनातून गेलं नाही. आवाब इशाक. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात भाड्याच्या सरकारी धाटणीच्या घरात राहणारं दोन वर्षांचं पोर. डिसेंबर २०२० मध्ये ते गेलं. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कानं श्वसनाचा गंभीर विकार होऊन मृत्यू झाला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या मृत्यू-तपास अधिकाऱ्यानं दिला. वडिलांनी तक्रार केली होती तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, वरून रंग मारा. त्या मुलाच्या नावानं तिथं कायदा झाला, भाड्यानं घरं देणाऱ्या संस्थांना ठरावीक मुदतीत ओल आणि बुरशीची तपासणी आणि दुरुस्ती करणं बंधनकारक झालं. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आक्काची भिंत होती. रंग मारा, हेच तर आमच्याकडंही सगळे सांगतात. दुकानदार सांगतो, पेंटर सांगतो, नातेवाईक सांगतात. आणि भाडेकरूला तर बोलायचीच सोय नाही. कोल्हापुरातल्या दुधाळीत, बापट कॅम्पात, पूररेषेतल्या कितीतरी खोल्यांत माणसं भाड्यानं राहतात, घरमालक आधीच पुरानं कंबरडं मोडलेला, आणि पोराचा खोकला हा 'हवामानाचा' म्हणून सोडून दिला जातो. पंचनाम्यात भिंत पडली तर नोंद होते. उभी असून आतून कुजत असेल तर त्याला रकाना नाही. मला वाटतं तो असायला हवा. नुकसानभरपाईसाठी म्हणून नाही तरी, दोन महिन्यांनी कुणीतरी मीटर घेऊन परत यावं एवढ्यासाठी.

अजून एक गोष्ट निघाली जी आम्ही शोधतही नव्हतो. त्यानं धूलिकण मोजणारं यंत्र रात्रभर ठेवलं होतं. पुरानंतर पेठेत डास असह्य होतात, म्हणून खिडक्या लावून कॉइल पेटवायची ही घराघरातली पद्धत. मध्यरात्री पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनांपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा तीन अंकी होता. बाहेरच्या हवेसाठी आपल्याकडचं २४ तासांचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. एक कॉइल पूर्ण जळाली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. भाच्याच्या छातीवर म्हणजे दोन बाजूंनी मारा चालला होता. दुसऱ्या दिवशी आक्कानं कॉइलचं पाकीट उचलून ठेवलं आणि मच्छरदाणी बाहेर काढली, तिच्या लग्नातली.

खिडक्यांबद्दल मात्र मला परदेशी सल्ल्याशी भांडायचं आहे. तिकडच्या पुस्तिकांत सर्रास लिहिलेलं असतं, खिडक्या उघडा, ओल कमी होईल. थंड देशात बाहेरची हिवाळी हवा आत येऊन तापते आणि कोरडी होते, म्हणून तिथं ते खरं आहे. जुलैच्या कोल्हापुरात बाहेरचीच आर्द्रता नव्वदीला टेकलेली असते. दिवसभर खिडकी उघडी ठेवून भिंत वाळत नाही. गॅसचा धूर आणि वास जायला खिडकी हवीच, पण ओलीसाठी आपल्याला निराळं करावं लागतं. न्हाणीघरात आणि शेगडीच्या वर एक्झॉस्ट पंखा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढं, ओले कपडे झोपायच्या खोलीत नाहीत, शक्य असेल तिथं ओलावा शोषणारं यंत्र. आणि खरी दुरुस्ती पाऊस थांबल्यावर. ऑक्टोबरचं ऊन पडलं की घर सताड उघडं टाकायचं. परदेशी पुस्तिका म्हणतात भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा, नाहीतर बुरशी धरते. गादी-उशीला हे बरोबर आहे. पण चार दिवस पाण्यात उभी राहिलेली हातभर जाडीची मातीची भिंत ४८ तासांत कुठं वाळते? तिला महिने लागतात, आणि ते महिने आपण तिला देत नाही, कारण मध्ये गणपती, दसरा आणि दिवाळी येते.

जुन्या चुन्याच्या गिलाव्याचं मोल मला या निमित्तानं नीट कळलं. चुना तीव्र अल्कली असतो, ताज्या चुन्यावर बुरशीला टिकाव धरता येत नाही, आणि पुढं तो मुरल्यावरही वाफ अडवून धरत नाही. ओल आत आली तरी तिला बाहेर पडायला वाट असते. त्यावर आम्ही सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला, म्हणजे वाटच बुजवली. पाणी खालून येत राहिलं आणि रंगाच्या पाठीमागं साठलं. ज्यांनी हे घर बांधलं त्यांना नदी माहीत होती. मला त्यांच्याबद्दल आता फार आदर वाटतो.

अहवालाच्या शेवटी कामांचा क्रम दिला होता. आधी पन्हळ आणि पाइपचा सांधा. मग रस्त्याच्या बाजूनं भिंतीलगत चर काढून पाण्याला वाट. मग कमरेपर्यंतचा सिमेंट गिलावा काढून भिंत उघडी ठेवायची, मीटरवर खालचं वाचन वरच्याजवळ येईपर्यंत. भिजलेलं प्लायचं कपाट आणि गाद्या टाकून द्यायच्या, कारण त्यांच्या आत शिरलेली बुरशी पुसून निघत नाही. फरशी, लोखंडी पलंग, काच हे साबणाच्या पाण्यानं पुसलं की पुरतं. कोरडा ब्रश भिंतीवर फिरवायचा नाही, बीजाणू घरभर उडतात. आधी ओलं करायचं, तोंडाला एन-९५ मास्क, आणि भाच्याला त्या दिवशी घरात ठेवायचं नाही.

पन्हळ आणि पाइप लगेच झाले. भाच्याचा पलंग पुढच्या खोलीत नव्हे, माडीवर गेला, आणि डॉक्टरांना अहवाल दाखवल्यावर त्यांनी दम्याच्या अंगानं तपासणी सुरू केली. तो रात्री झोपतो आता. चुन्याचं काम येणारा एक वयस्कर गवंडी मिळालाय, पण तो म्हणतो भिंत सुकल्याशिवाय मी थापीला हात लावणार नाही. बहुतेक फेब्रुवारी उजाडेल. गिलावा काढून झाला त्या संध्याकाळी दाजी दगड-मातीच्या त्या उघड्या भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "दिवाळीला पाव्हणं येणार. हे असंच दिसणार सगळ्यास्नी."

"दिसू दे की," आक्का म्हणाली.